मधला भाग ढेपाळतोय? आधी तो संपतो कुठे ते ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: देवगड तालुक्यातल्या तुम्हा सहा-सात जणांनी गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी वहीत लिहून ठेवलेल्या अद्भुत कादंबरीवरून तीन भागांची फिल्म करायला घेतली आहे. पहिला भाग यूट्यूबवर टाकला, लोकांना आवडला. दुसऱ्याचा कच्चा कट ५२ मिनिटांचा झाला. त्यात पहिली तीस मिनिटं भावाची, म्हणजे किल्ल्याला पडलेला वेढा आणि लढाई. उरलेली बावीस बहिणीची, म्हणजे शंख घेऊन तारीच्या, म्हणजे नावाड्याच्या, होडीतून खाडीने वर जाणं. शाळेच्या हॉलमध्ये तीसेक जणांना दाखवलात आणि बहीण होडीत बसली तसा हॉल मोबाईलच्या उजेडाने उजळला. आता तुम्ही विचारताय, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला 'द टू टॉवर्स' हाही मधलाच भाग, त्यालाही धड सुरुवात नाही की शेवट नाही, तरी माणूस तीन तास जागचा हलत नाही. मग आमचं कुठे चुकतंय? आणि सुरुवातीला पहिल्या भागाचा गोषवारा जोडला तर फरक पडेल का?

गोषवाऱ्याचं उत्तर सोपं आहे, तो नंतर बघू. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे असं मला वाटतं. तुमचा दुसरा भाग तिसाव्या मिनिटालाच संपलाय. लढाई झाली, शत्रू पळाला, लोकांनी मनातल्या मनात चपला शोधायला सुरुवात केली आणि तेवढ्यात तुम्ही त्यांना नव्या होडीत बसवलंत. होडीतला प्रवास कितीही सुंदर टिपलेला असो, उठायच्या तयारीतला माणूस पुन्हा बैठक मारत नाही.

मी संकलक आहे. मुंबईत अठरा वर्षं कट मारले, आता कुडाळजवळ घरी बसून मारतो. माहितीपट, लग्नं (हो, लग्नंसुद्धा), आणि तुळशीचं लग्न झालं की जत्रांमधले दशावताराचे प्रयोग. त्यामुळे जे सांगतोय ते कटिंगच्या टेबलावरून. लेखकाला किंवा दिग्दर्शकाला हेच वेगळं दिसू शकतं.

दोन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी स्वतःशी स्पष्ट करा. पहिली, तिसरा भाग शूट झालाय का? 'द टू टॉवर्स'वाल्यांचं मोठं सुख हे होतं की तिन्ही चित्रपट एकदमच चित्रित झाले, ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २०००. त्यानंतर दर वर्षी नटांना परत बोलावून थोडं थोडं पुरवणी शूटिंगही केलं. म्हणजे प्रसंग एका भागातून दुसऱ्यात ढकलायचा तर तो हातात तयार होता. तुमचा तिसरा भाग अजून कागदावरच असेल तर काही बाबतीत तुमचे हात बांधलेले आहेत, काहीत उलट मोकळे आहेत. दुसरी गोष्ट, दोन भागांत अंतर किती? पंधरा दिवसांनी टाकणार असाल तर प्रेक्षकाला बरंच आठवेल. वर्षाने टाकणार असाल तर तारी कोण होता हेही आठवणार नाही.

आता गोषवारा. तो चित्रपट कसा उघडतो ते परत बघा. बर्फाचे डोंगर, सगळं शांत, आणि कुठूनतरी डोंगराच्या पोटातून ओळखीचे आवाज येताहेत. कॅमेरा खडकातून आत शिरतो आणि आपण पहिल्या भागातल्याच पुलावर येतो. जादूगार गँडाल्फ त्या अग्निराक्षसाला अडवतोय, पडतोय. हा प्रसंग आपण पाहिलेला आहे. पण पहिल्या भागात कॅमेरा वर, फ्रोडोजवळ, म्हणजे ती घातक अंगठी नष्ट करायला निघालेल्या नायकाजवळ थांबला होता. इथे तो गँडाल्फबरोबर खाली उडी घेतो. पडता पडता चाललेली ती लढाई आपण पाहत राहतो आणि मग फ्रोडो दचकून जागा होतो. आधीच्या भागाची आठवण तर झालीच, वर गँडाल्फचं पुढे काय झालं असेल हा नवा प्रश्न डोक्यात बसला. निवेदक नाही की 'मागील भागात आपण पाहिलंत' नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. जत्रेत आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंग, चालू असतो, संकासुर येऊन हसवून जातो, तेव्हा अर्धं गाव खाज्याच्या दुकानांपाशी असतं. आख्यान लागल्यावर लोक येऊन बसतात. त्यांच्यासाठी कोणी मागचं सांगत बसत नाही. राजा येतो, बाकड्यावर बसतो आणि पहिल्याच भाषणात आपण कोण, कुठले, सध्या कसली चिंता आहे ते ऐटीत सांगतो. माहिती आणि अभिनय एकाच दमात. तुमच्या पहिल्या भागाचा शेवट भाऊ-बहिणीच्या ताटातुटीवर आहे ना? मग तोच प्रसंग पुन्हा घ्या, पण होडीतून. पहिल्या भागात तो काठावरून, भावाच्या बाजूने दिसला होता. या वेळी तारीच्या खांद्यावरून दिसू द्या. चाळीस सेकंद पुरेत.

पुढचा भाग जरा लांबेल, कारण खरं दुखणं तिथेच आहे.

टोल्किनची मूळ कादंबरी लिहिली गेली एक म्हणून. छापताना १९५४-५५ मध्ये तिचे तीन खंड झाले. मधल्या खंडाचे सरळ दोन तुकडे आहेत. पहिल्या अर्ध्यात योद्धा अ‍ॅरागॉर्न, रोहनचं राज्य, लढाई, ते चालणारे-बोलणारे वृक्ष. दुसऱ्या अर्ध्यात फक्त फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि त्या अंगठीने पछाडलेला गॉलम. पहिला अर्धा संपेपर्यंत फ्रोडोचं नखही दिसत नाही. म्हणजे तुमच्या कटची रचना मूळ कादंबरीच्या रचनेसारखीच आहे. आणि पुस्तकात ती चालते, चांगली चालते. वाचणारा प्रकरण मिटून चहा पिऊन येतो, चार पानं मागे जातो. शिवाय युद्धावर गेलेल्यांना फ्रोडोचं काय झालं ते माहीत नाही, तसं वाचकालाही कळत नाही, यातला ताण त्या रचनेतूनच येतो.

पडद्यावर हे सुख नाही. मी हे पुस्तकात वाचून शिकलो नाही, तोंडावर आपटून शिकलो. मुंबईत असताना एका तीन भागांच्या कथेचा मधला भाग माझ्याकडे आला होता. निर्मात्याचा हट्ट होता की प्रकरणांचा क्रम हलवायचा नाही. मीही तेव्हा नवखा, मान डोलावली. आधी बापाची गोष्ट पूर्ण, मग मुलाची पूर्ण. दाखवला तेव्हा शेवटी एका बाईंनी विचारलं, ‘आणि ते आधीचे गृहस्थ कोण होते हो?’ ते आधीचे गृहस्थ म्हणजे आमचा नायक.

चित्रपटवाल्यांनी दोन्ही अर्धे उसवले आणि एकमेकांत विणले. पण नुसतं विणून भागत नाही, इथेच बहुतेक जण घसरतात. तुम्ही उद्या तुमची तीस आणि बावीस मिनिटं पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून आलटून पालटून लावाल, आणि बघाल तर दुखणं तसंच.

रापण ओढताना कधी पाहिलीय का? नसेल तर आचऱ्याला किंवा वेंगुर्ल्याला पहाटे जा. होडी समुद्रात अर्धगोल मारून जाळं सोडते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगांच्या हातात येतात. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकत जातात. मी एकदा माहितीपटासाठी शूट करत होतो, तर एक म्हातारे रापणकर माझ्याच माणसांवर ओरडले, कारण आमचा कॅमेरा वाटेत आल्याने एक रांग अडखळली होती. म्हणाले, ‘एक बाजू पुढे गेली काय जाळा तिरक्या जाता, मासो भायर.’ दोन कथानकांचं हेच आहे. दोन्ही दोर एकाच जाळ्याचे हवेत, आणि दोन्ही रांगा एकाच वेळी एका जागी पोचायला हव्यात. मिनिटं सारखी असण्याची गरज नाही. शेवट जवळजवळ एकाच वेळी येण्याची आहे.

आणि इथे त्यांना मोठी अडचण होती. पुस्तकातल्या या खंडात लढाईवाल्यांचा कळस हेल्म्स डीप या किल्ल्याच्या वेढ्यात आहे. फ्रोडोचा कळस खंडाच्या अगदी शेवटी, शेलोब नावाच्या महाकाय कोळिणीच्या गुहेत. दोन्ही ठेवले असते तर एकमेकांना खाऊन टाकले असते. त्यांनी शेलोब उचलून तिसऱ्या चित्रपटात नेली. पुस्तकवेड्यांनी याबद्दल बरंच ऐकवलं, पण गंमत बघा. टोल्किनने कादंबरीला जोडलेल्या कालपटात हेल्म्स डीपची लढाई ३ मार्चच्या रात्रीची आहे आणि फ्रोडो शेलोबच्या गुहेत शिरतो १२ मार्चला, म्हणजे तिसऱ्या खंडातल्या मोठ्या लढाईच्या दोन-तीन दिवस आधी. तारखेने बघितलं तर शेलोब तिसऱ्या भागातच शोभते. त्यांनी खंडाची बांधणी मोडली, काळाचा क्रम राखला.

पण तिला हलवल्यावर फ्रोडोच्या कथेला या भागापुरता शेवटच उरला नाही. नुसती पायपीट. तुमच्या बहिणीची होडी अगदी अशीच आहे. तिचा खरा कळस म्हणजे देवचाराच्या, म्हणजे राखणदार भुताच्या, राईतला प्रसंग, आणि तो तुम्ही तिसऱ्या भागासाठी राखून ठेवलाय. ठेवा, माझी हरकत नाही. मात्र तो काढल्यावर पडलेलं भोक कशाने तरी बुजवायला हवं.

त्यांनी ते बुजवलं फारामिर या माणसाकडून. पुस्तकात फारामिर हा मोहाच्या पलीकडचा आहे. ही अंगठी रस्त्यात पडलेली सापडली तरी मी उचलणार नाही, अशा अर्थाचं तो बोलतो, फ्रोडोला मदत करतो आणि सोडून देतो. वाचायला फार छान. पण पडद्यावर फ्रोडोच्या वाटेत आता कोळीणही नाही आणि भेटलेला माणूसही देवमाणूस, मग अडवणार कोण? म्हणून चित्रपटातला फारामिर मोहात पडतो. बापाला खूश करायला अंगठी घेऊन जायचं म्हणतो, फ्रोडो-सॅमला बांधून ओस्गिलियथ या उद्ध्वस्त शहरात नेतो. तिथे शत्रूचा उडता दूत येतो, फ्रोडो अंगठी जवळजवळ देऊनच टाकतो, सॅम त्याला मागे खेचतो तर फ्रोडो त्याच्याच गळ्याला तलवार लावतो. मग सॅम बोलतो, आणि ते ऐकून फारामिर स्वतःचा जीव धोक्यात घालून दोघांना सोडतो. पुस्तकात यातलं काही घडत नाही. फ्रोडो त्या शहरात जातच नाही.

मला स्वतःला पुस्तकातला फारामिर जास्त आवडतो. तरीही संकलक म्हणून मी हा बदल केला असता, कारण त्याशिवाय एक दोर सैल राहत होता. त्यांचं चुकलं असेल तर ते दुसरीकडे. फारामिर असा का वागतो याचं कारण सांगणारा प्रसंग त्यांनी चित्रित केला होता: बाप थोरल्या भावाला, बोरोमिरला, डोक्यावर घेतो आणि धाकट्याला हिणवतो. चित्रपटगृहातल्या १७९ मिनिटांत तो नाही, पाऊण तासाने लांब असलेल्या विस्तारित आवृत्तीत आहे. ती बघितलेला माणूस फारामिरवर फारसा चिडत नाही. पात्राला नवा दोष दिलात तर त्याचं कारण त्याच कटमध्ये दिसायला हवं. नंतर डीव्हीडीवर दाखवून तेव्हाच्या प्रेक्षकाचा राग जात नाही.

तुमच्याकडे फारामिर आहे, तुम्ही त्याला ओळखलं नाहीत इतकंच. तारी. सध्या तो बिचारा बावीस मिनिटं वल्हं मारतो आणि भरती-ओहोटीवर दोन चांगली वाक्यं बोलतो. त्याला शंख हवासा वाटू द्या. का हवा, ते आधी पेरा. गुरुजींच्या वहीत त्याचा मुलगा खाडीत बुडाल्याचा एका ओळीचा उल्लेख आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणखी काय पाहिजे? शंख फुंकला की खाडीने गिळलेलं परत येतं, अशी समजूत तुमच्या पहिल्या भागात आहेच. मग बहीण झोपली असताना तारी होडी वळवतो. तिला जाग येते तेव्हा होडी भलत्याच दिशेला चाललेली. या एका वळणाने बहिणीच्या कथेला या भागापुरता प्रश्न मिळतो: तारी शंख घेणार की देणार? त्याचं उत्तर याच भागात द्या. देवचार राहू दे तिसऱ्यासाठी.

गुरुजींना विचारा मात्र. ते हयात आहेत, वही त्यांची आहे. बदल सांगताना ‘तारी वाईट केलाय’ असं सांगू नका. त्यांच्या त्या एका ओळीला तुम्ही प्रसंग दिलाय, असं सांगा. तेच खरं आहे.

तारीच्या मोहाचा प्रसंग कसा घ्यायचा, तर त्या चित्रपटातला गॉलमचा रात्रीचा संवाद बघा. सगळे झोपलेत आणि गॉलम स्वतःशीच भांडतोय, एक दुष्ट, एक गरीब. गॉलम संगणकावर घडवलेला, मागे अँडी सर्किसचा अभिनय, वेटा या इफेक्ट्सवाल्या कंपनीचं एवढं मोठं काम, ते सगळं तुमच्या आवाक्याबाहेरचं. पण त्या प्रसंगातली खरी करामत फुकटची आहे. सुरुवातीला कॅमेरा न तोडता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतो. चेहरा तोच, नजर बदलते. आपल्याला कळतं की हा एकच जीव आहे. मग भांडण तापतं आणि कट सुरू होतात. एकदा डावीकडे बघणारा, एकदा उजवीकडे बघणारा, जणू समोरासमोर दोन माणसं बसली आहेत. दोन-तीन कटनंतर आपणही दोन माणसंच बघायला लागतो. कॅमेऱ्याच्या दोन जागा, एक नट आणि कुठल्या वाक्याला तोडायचं याची समज. तुमच्या तारीला कंदिलाच्या उजेडात हे सहज करता येईल. आपल्या दशावतारात एक बाकडं सिंहासन होतं, रथ होतं, डोंगरही होतं. तसंच हे.

आता घड्याळ. मधल्या भागात प्रेक्षकाला आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं, कारण सुरुवात मागे राहिली आणि शेवट पुढच्या वर्षी आहे. त्याला या भागापुरतं एक टोक दिसायला हवं. 'द टू टॉवर्स'मध्ये गँडाल्फ जाता जाता शब्द देतो की पाचव्या दिवशी पहाटे पूर्वेकडे बघा, मी येईन. झालं. किल्ल्यात तीनशे माणसं, बाहेर दहा हजार, पाऊस, रात्र. आता प्रेक्षक प्रत्येक क्षणाला आभाळाकडे बघतो, उजाडलं का?

रात्रीच्या दशावताराला हे घड्याळ आयतंच मिळालेलं असतं. वेंगुर्ल्याकडच्या एका जत्रेत मी तीन कॅमेरे लावून बसलो होतो. साडेतीन-चारचा सुमार, निम्मी बाया-मुलं चादरी पांघरून आडवी, माझ्या मधल्या कॅमेऱ्यावरचा पोरगाही पेंगलेला. राजा आणि राक्षस समोरासमोर आले. नाईकांनी, म्हणजे गाणाऱ्या सूत्रधारांनी, पायपेटीवर सूर धरून ठेवला, पुढे जाईनात. झांज थांबली. पखवाजी तर हात मांडीवर ठेवून बसला. दोन्ही नट तलवारी उगारून नुसते एकमेकांभोवती फिरताहेत, पायांचा आवाज तेवढा. आणि मग पखवाजावर एकच थाप. माझ्यासमोर चादरीखालचं एक पोर ताडकन उठून बसलं. लढाई त्यानंतर सुरू झाली. लढाईपेक्षा तो थापेआधीचा वेळ मी आजही परत परत बघतो.

हेल्म्स डीपची लढाईही अशीच सुरू होते, आठवतंय? भाले जमिनीवर आपटून शत्रू गर्जतोय, भिंतीवर सगळे ताणलेले धनुष्य धरून उभे. एका म्हाताऱ्याचा हात थरथरतो आणि बाण सुटतो. समोरचा एक पडतो. क्षणभर सगळं गप्प, आणि मग ती फौज उसळते. पराक्रमाची सुरुवात एका थकलेल्या हाताच्या चुकीने. पुस्तकात ही लढाई एका प्रकरणात आटपते, इथे ती चित्रपटाचा कणा झाली.

तुमच्या वेढ्याला असं घड्याळ नाही. मला सुचतं ते भरतीचं. किल्ल्याच्या वाटेवर पाणी चढलं की शत्रूला आत येता येत नाही, ओहोटी लागली की वाट उघडते. आणि तेच पाणी खाडीत होडीलाही वर नेतं किंवा अडकवून ठेवतं. एकच पाणी, दोन्ही दोर त्याला बांधलेले. हे तुमच्या वहीत आधीच आहे, फक्त तुम्ही ते दोन वेगळ्या ठिकाणी वापरलंय. एका कटमध्ये किल्ल्याच्या पायरीवरून पाणी उतरताना दाखवा, पुढच्यात होडीचा तळ चिखलाला घासू द्या. कोणी काही बोलायची गरज नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: गोषवारा नको, ताटातूट होडीतून दाखवा. लढाईचा निकाल तिसाव्या मिनिटावरून उचलून पंचेचाळीसच्या पुढे न्या. तारीला मोह द्या आणि त्याचा निकाल लढाईच्या निकालाला लागून लावा. दोन्हीकडे एकच भरती.

त्या चित्रपटातलं सगळंच उचलू नका, हेही सांगायला हवं. अ‍ॅरागॉर्न कड्यावरून पडतो आणि मेला असं सगळ्यांना वाटतं, हे पुस्तकात नाही आणि मला ते भरताड वाटतं. तिसरा भाग यायचाय हे माहीत असलेला कोणता प्रेक्षक तो मेला असं मानेल? त्यातून एकच कामाची गोष्ट होते, परत येताना त्याला शत्रूची फौज दिसते. तेवढ्यासाठी घोड्यावरून एक चक्कर पुरली असती. तसंच त्या वृक्षांचं. पुस्तकात ते सभा घेऊन युद्धाला जायचं ठरवतात. चित्रपटात आधी नाही म्हणतात आणि मग तोडलेलं रान बघून त्यांच्या म्होरक्याचं, ट्रीबिअर्डचं मन फिरतं. त्यामुळे त्यांच्याबरोबरच्या मेरी-पिपिन या दोन पोरांना काहीतरी करायला मिळालं खरं, पण रानाच्या रखवालदाराला स्वतःचं रान तुटलेलं माहीत नाही, असं काहीतरी विचित्र होऊन बसलं. तुमच्या कटमधला तो पिंपळाखालचा साधू याच जातीचा आहे. कापा. तिसरा दोर ओढायला तुमच्याकडे माणसं नाहीत.

आवाजाबद्दल दोन शब्द, कारण पैसे नाहीत म्हणून फौज दिसत नाही असं तुम्ही लिहिलंय. त्या चित्रपटातल्या शत्रुसैन्याच्या आरोळ्यांसाठी दिग्दर्शक पीटर जॅक्सन फेब्रुवारी २००२ मध्ये वेलिंग्टनच्या स्टेडियमवर गेला. न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामना चालू होता, सुमारे २५ हजार लोक. मधल्या वेळेत मैदानावर उतरून त्याने त्यांच्याकडून गर्जना करून घेतल्या, छात्या बडवून घेतल्या. ध्वनिसंकलनाचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं. तुमच्याकडे स्टेडियम नाही, पण जत्रा आहेत. देवस्थानच्या मंडळींना आणि नाईकांना आधी विचारा, आडदशावतार सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं मागून घ्या, आणि आठशे माणसांकडून एक आरोळी रेकॉर्ड करा. किल्ल्याच्या तटावर चार माणसं आणि अंधार दाखवा, बाकीची फौज कानात उभी राहील. माईकला ती केसाळ वाराटोपी घालायला विसरू नका. मी एकदा विसरलो आणि दोन तासांचा समुद्र पत्र्यावर ताडपत्री फडफडल्यासारखा घरी घेऊन आलो.

शेवटचा शॉट. त्यांच्याकडे लढाई जिंकून झालेली आहे, फारामिरने सोडून दिलंय, सॅम-फ्रोडो हसत बोलताहेत, म्हणजे या भागाचं देणं फिटलं. मग पुढे चाललेला गॉलम झाडीत एकटाच पुटपुटतो, यांना ‘तिच्याकडे’ नेऊ. ती कोण हे सांगत नाही. कॅमेरा वर जातो आणि लांब शत्रूच्या मुलखातले डोंगर धगधगताना दिसतात. आधी चुकतं केलं, मग नवी उधारी काढली. तुमचा सध्याचा शेवट म्हणजे बहिणीचा जवळून चेहरा आणि ‘क्रमशः’. त्याऐवजी तारीने तिला राईच्या काठाला उतरवलंय, शंख तिच्या हातात परत दिलाय, आणि तो होडी घेऊन मागे फिरलाय. ती राईत शिरते. आपण तारीबरोबर होडीतच राहतो. लांबून राईतून कोणीतरी तिच्या नावाने हाक मारतं. तारी वल्हं थांबवतो. काळं.

नवा कट झाला की परत त्याच हॉलमध्ये दाखवा, पण माणसं वेगळी बोलवा. पहिला भाग न पाहिलेले चार-पाच जण मुद्दाम बसवा. तुम्ही पडद्याकडे बघू नका, शेवटच्या रांगेत कागद-पेन घेऊन बसा आणि मोबाईल पेटला की मिनिट लिहा, बाकी काही नाही. तो कागद मला पाठवा. कट नंतर बघेन.